पोवळ्यावरचं शेवाळ

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बावीस वर्षांची होते. सोयगाव तालुक्यातल्या एका खेड्यात, कापसाच्या रानात वाढलेली मी. पाणी म्हणजे आमच्या लेखी विहीर, आणि पावसाळ्यात चार दिवस गढूळ वाहणारी नदी. औरंगाबादला एम.एस्सी.साठी वनस्पतिशास्त्र घेतलं आणि त्यात शैवालांचा पेपर निवडला, तेव्हा मी नक्की काय शिकणार हे आईला समजावून सांगताना माझीच दमछाक झाली. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "शेवाळ बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या हिरीच्या पायऱ्यांवर लई हाय की."

तो पेपर मी घेतला तो शिकवणाऱ्या सरांमुळं. पन्नाशीला आलेले, सडसडीत, वर्गात कधी आवाज न चढवणारे. पोवळ्याच्या खडकांवर वाढणारं समुद्री शेवाळ हा त्यांचा विषय. वर्गाच्या खिडकीबाहेर कडुनिंब आणि फुफाटा, आणि आत सर भरती-ओहोटीबद्दल बोलत असायचे. ते म्हणायचे, "लोक पोवळं बघायला जातात. पण तो खडक सांधून कोण धरतं, तिथली वाळू कोण करतं, मासे खातात काय, हे कुणी विचारत नाही. ते मी तुम्हाला दाखवणार आहे."

त्या वर्षी पेपर घेणारी मी एकटीच होते. हिवाळ्याच्या सुट्टीत सर मला रामेश्वरजवळच्या बेटांवर घेऊन गेले. एकटी मुलगी म्हणून सोबतीला सरांच्या पत्नी आल्या, त्यांना मी काकू म्हणायचे. आणि प्रयोगशाळेतले चाचा आले. चाचांचं घराणं हिमरूचं कापड विणणारं. वडिलांचा माग बंद पडल्यावर ते आमच्या विभागात परिचर म्हणून लागले होते. नाजूक धागे हाताळलेली ती बोटं. ओल्या शेवाळाची केसाएवढी फांदी कागदावर न गुंतता उतरवावी ती त्यांनीच. सर उघड सांगायचे की विभागातल्या वाळवलेल्या शेवाळांच्या संग्रहाचे निम्मे कागद चाचांच्या हाताचे आहेत.

तेव्हा आमच्याकडं छोटी रेल्वेलाइन होती. जालना, परभणी करत काचीगुडा, तिथून मद्रास, तिथून पुढं रामेश्वरची गाडी. बेटांसमोरच्या किनाऱ्यावर एका साध्या लॉजमध्ये आम्ही उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होडीनं निघालो. चाचांनी डालड्याच्या मोठ्या डब्याचा तळ कापून तिथं काच बसवली होती, कडेनं लांबी भरून. तो डबा पाण्यावर टेकवायचा आणि वरून आत बघायचं. कंबरेएवढ्या पाण्यात, सलवार पायाला चिकटलेली, पायात कॅनव्हासचे बूट, अशी मी त्या डब्यात वाकले आणि मग बराच वेळ वर आलेच नाही.

काय नव्हतं तिथं. द्राक्षांच्या बारीक घडांसारखं हिरवं शेवाळ, वाळूत आडवं पसरत गेलेलं. पंख्याच्या आकाराचं तपकिरी, त्याच्या कडेला पांढऱ्या रेघा. छोट्या छोट्या भोंग्यांसारख्या पानांचं एक, हाताला खरखरीत. लांब लांब फांद्यांचं, ज्वारीच्या दाण्याएवढे हवेचे फुगे लागलेलं, पाण्यात उभं राहून डुलणारं. रक्तासारखं लाल, इतकं पातळ की पाण्याबाहेर काढलं की नुसता चिखलाचा गोळा व्हायचा. आणि मधे मधे पोवळं, निळसर, पिवळं, मातकट, जिवंत.

सरांनी मला एका खडकाशी नेलं. खडकावर गुलाबी रंग फासल्यासारखा दिसत होता. "याला हात लाव," ते म्हणाले. दगडासारखंच कडक लागलं. "हा दगड नाही. हे शेवाळ आहे. अंगात चुना भरून घेतं. पोवळ्याचे तुटलेले तुकडे हेच एकमेकांना सांधतं. पोवळ्याचं पिल्लू पाण्यात तरंगत येतं ना, ते बसायला जागा शोधतं, ती हीच. हे नसेल तर नवं पोवळं येणार नाही आणि जुनं लाटेनं विस्कटून जाईल."

नंतर त्यांनी तळाची मूठभर वाळू माझ्या हातावर ठेवली. बारीक पांढऱ्या चकत्या होत्या त्यात. बाजूलाच एक हिरवं झुडूप होतं, अशाच चकत्या एकीला एक जोडून झालेलं. हॅलिमेडा त्याचं नाव. ते मेलं की चकत्या सुट्या होतात, पांढऱ्या पडतात, आणि वाळू होते. आम्ही ज्या बेटाच्या काठावर उभे होतो तिथली कितीतरी वाळू अशी शेवाळाची होती. सोयगावच्या काळ्या मातीत वाढलेल्या मला ते खरं वाटेना. मी ती वाळू पुन्हा पुन्हा बोटांत धरून पाहिली.

मेलेल्या खडकाच्या तुकड्यावर शेवाळाची मखमलीसारखी लव होती. "ही सगळ्यांत गरीब दिसते," सर म्हणाले, "पण मासे हिच्यावर जगतात. ते चरतात म्हणून ही वाढत नाही. मासे नसले तर हीच पोवळ्यावर चढेल." मग म्हणाले, "डोकं बुडव आणि ऐक." मी नाक धरून डोकं पाण्याखाली घातलं. चुलीवर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज सगळीकडून येत होता. पोपटमासे चोचीनं खडक खरवडत होते, बारीक कोळंबी नांग्या आपटत होत्या. त्या दिवशी मी किती वेळा डोकं बुडवलं असेल कोण जाणे. काकू किनाऱ्यावरून हाका मारत होत्या, सर्दी होईल म्हणून.

लॉजवर चाचांनी मला शेवाळ कागदावर घ्यायला शिकवलं. पसरट ताटात पाणी, त्यात शेवाळ सोडायचं, खालून जाड कागद सरकवायचा, फांद्या ब्रशनं मोकळ्या करायच्या आणि कागद हळूच वर उचलायचा. वर मलमल, त्यावर टिपकागद, त्यावर वजन. माझे पहिले चार कागद फुकट गेले. चाचा म्हणाले, "बेटी, पानी में ये जैसा खडा था, वैसाच कागज पे आना. जोर नै लगाना."

आठ दिवसांत आम्ही चाळीसवर जाती गोळा केल्या. परत येताना होडीत मी बोलतच होते. सर गप्प होते. पाण्यात उभं राहून दमले असतील असं मला वाटलं.

त्यानंतर मी दुसरा विषय शोधलाच नाही. पीएच.डी. सरांकडं, त्याच सहलीच्या नमुन्यांवर केली, त्याच विभागात अधिव्याख्याता झाले, लग्न झालं, मुलगी झाली, आणि पुन्हा त्याच बेटांवर जायला मधे बारा वर्षं गेली. तोवर सरांना काचबिंदूनं गाठलं होतं. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसत नसे. खडकावरून चालणं त्यांना शक्य नव्हतं. मी आणि चाचा दोघंच गेलो.

किनाऱ्यावर पोवळ्याच्या दगडांचे ढीग होते. चुना करायला काढून आणलेले. ते पहिल्या वेळीही असतील, मी पाहिले नसतील. पाण्यात तपकिरी शेवाळ वाढलं होतं, गुडघ्याएवढं, दाट. त्याच्याखाली अंधार होता आणि त्या अंधारात पोवळं फिकट दिसत होतं. लाल नाजूक जाती शोधाव्या लागल्या. गुलाबी थर होता, पण सलग नव्हता, ठिगळं लावल्यासारखा. तरी तीसएक जाती मिळाल्या. चाचा म्हणाले, "पिछले वक्त ब्लॉटिंग कम पडा था. इस वक्त बच गया." मला तेव्हा ते हसण्यासारखं वाटलं.

परतल्यावर सरांना सगळं सांगितलं. थोडं कमी झालंय, असं म्हटलं. त्यांनी "हूं" केलं आणि कुठल्या जाती दिसल्या नाहीत ते एकेक विचारत राहिले. मी सांगत गेले.

मग एका उन्हाळ्यात समुद्राचं पाणी तापलं आणि ठिकठिकाणचं पोवळं पांढरं पडल्याचं वाचलं. पोवळ्याच्या अंगात राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला अन्न देतात, रंगही त्यांचाच. पाणी फार तापलं की पोवळं त्यांना बाहेर टाकतं आणि उपाशी पांढरं उभं राहतं. पाणी वेळेत थंड झालं तर जगतं. हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं होतं. त्या हिवाळ्यात मी एकटीच गेले. चाचांची निवृत्ती जवळ आली होती, गुडघे धरले होते.

होडीवाला पन्नाशीचा माणूस. मोडकं हिंदी बोलायचा. निघतानाच म्हणाला, "मॅडम, पहले सफेद हुआ, फिर हरा हुआ, अब काला. देखने को कुछ नहीं." मी म्हटलं, तरी चला.

पाणी तेच होतं, कंबरेएवढं, कोमट. मी डबा टेकवला. खाली सगळं एकसारखं दिसत होतं. पोवळ्याचे आकार होते, शिंगांसारखे, ताटांसारखे, पण प्रत्येकावर करड्या-हिरव्या केसांचा जाड थर चढलेला. हात लावला तर गाळ उठला आणि खालची फांदी मोडून हातात आली. मी जागा बदलली. पुन्हा तेच. पूर्वेकडच्या उतारावर गेले, तिथं पहिल्या वेळी गुलाबी थर सलग होता. तिथं आता लव होती, बोटभर उंचीची, वाळू धरून बसलेली. गुलाबीचा एक तुकडा सापडला, रुपयाएवढा, कडेनं पांढरा पडत चाललेला. त्याच्यावर पोवळ्याचं पिल्लू बसलंय का ते भिंगातून पाहिलं. नव्हतं.

डोकं बुडवून पाहिलं. आवाज अगदीच नव्हता असं नाही. कुठंतरी एखादी टिचकी वाजायची, मग बराच वेळ काही नाही. मी श्वास संपेपर्यंत थांबले.

शेवाळ वेचणाऱ्या बायका जवळच पाण्यात होत्या. कमरेला पोतं बांधून त्या दरवर्षी येत, त्यांच्या कामाचं शेवाळ कारखान्याला जायचं. त्यातल्या एकीनं माझ्याकडं बघून मूठभर लव उपटली, हात वर करून दाखवली, आणि पाण्यात टाकून दिली. तिची भाषा मला येत नव्हती. होडीवाल्यानं सांगितलं, "बोलती है, ये किसी काम का नहीं."

पाच दिवसांत मला नऊ जाती मिळाल्या. त्यातल्या दोन सगळीकडं होत्या आणि बाकीच्या सात शोधून काढाव्या लागल्या.

विभागात आल्यावर चहाच्या वेळी मी एका सहकाऱ्याला हे सांगितलं. ते प्राणिशास्त्राचे. चांगले गृहस्थ होते, मनात काही वाईट नसेल. हसून म्हणाले, "मग तुमचं तर बरंच झालं की. पोवळं गेलं, पण शेवाळ वाढलं." मी चहा तसाच ठेवून उठले. वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते की शेवाळ म्हणजे घाण नव्हे, खडक त्याच्यावरच उभा आहे. आणि आता त्या मेलेल्या खडकावर जे पसरलं होतं तेही शेवाळच होतं, माझंच, त्याचं नाव मला पाठ होतं.

मी आणलेल्या शेवाळाच्या पुड्या चाचांनी सोडल्या. ताटात एकेक शेवाळ सोडत गेले. "ये भी वोच. ये भी वोच." सातव्या-आठव्या पुडीला त्यांचा हात थांबला. लोकांसमोर ते मला मॅडम म्हणायचे, पण तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"बेटी, बाकी का कहाँ है?"

"बाकी नाही, चाचा. एवढंच आहे."

पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्या दोन जातींचेही सगळे नमुने त्यांनी पहिल्या इतक्याच काळजीनं कागदावर घेतले, एकही न टाकता. फांद्या मोकळ्या करायला त्यांना दुपार झाली.

सर तेव्हा गारखेड्यात राहत होते. नजर जवळजवळ गेलेली. परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी गेले. परतीच्या रेल्वेत सगळा वेळ ठरवत आले होते, जे आहे ते सांगायचं. सर खोलीत खुर्चीवर बसलेले. माझा आवाज आला तसा त्यांनी चेहरा वळवला, पण मी उभी होते त्याच्या थोडा डावीकडं.

"आलीस. बस. कसंय पोवळं?"

मी म्हटलं, "चांगलं आहे, सर."

तोंडातून कसं गेलं मला कळलं नाही. एकदा गेलं म्हटल्यावर परत घेता आलं नाही.

"पांढरं पडलं होतं म्हणतात?"

"पडलं होतं. पण सावरलं बरंचसं."

"गुलाबी थर?"

"आहे की. पूर्वेकडच्या उतारावर सलग आहे."

"हॅलिमेडा?"

"लई आहे."

"आणि मासे?"

"थवेच्या थवे आहेत, सर. खरवडण्याचा आवाज वरपर्यंत येतो."

सरांनी मान मागं टेकली. चेहऱ्यावर काय होतं मला सांगता येणार नाही. आनंद होता असं मी तेव्हा समजले. काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि कप खाली ठेवून आत गेल्या.

त्यानंतर दोन वर्षं मी दर पंधरवड्याला जायचे आणि सर दर वेळी काहीतरी विचारायचे. कुठल्या बाजूला, किती पाण्यात, कुठल्या जातीला बीजाणू धरले होते. मी पहिल्या सहलीचं आठवून आठवून सांगायचे. एकदा सांगितलेलं विसरू नये म्हणून घरी येऊन लिहून ठेवायला लागले. खोटं बोलायचा मला सराव झाला, आणि त्याची लाजही वाटेनाशी झाली.

चाचांना मी हे सांगितलं होतं. त्यांना आवडलं नाही. "साब की आँखां गयीं, अक्कल नै गयी," ते म्हणाले. "सच बोल देना. उनका हक है."

"बोलेन," मी म्हटलं. बोलले नाही. एका उन्हाळ्यात सर गेले. न्यूमोनिया झाला होता, दवाखान्यात पाच दिवस होते. शेवटच्या दिवशीही मी गेले होते. त्यांनी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

तेराव्यानंतर काकूंनी बोलावून घेतलं. पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढून काढली. आत सात वह्या होत्या, सरांच्या समुद्रावरच्या. "हे मला वाचता येत नाही, पोरांनाही येत नाही," काकू म्हणाल्या. "तू घेऊन जा."

जातींची नावं रोमन अक्षरांत होती, बाकी सगळं उर्दूत. पोलिस ॲक्शन झाली तेव्हा सर मॅट्रिकच्या वर्गात होते. तोवरचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. पुढं शाळा मराठी झाल्या, कॉलेजात इंग्रजी आलं, ते आम्हाला मराठी-इंग्रजीत शिकवायचे, पण स्वतःसाठी लिहायचे ते उर्दूतच. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढून मला हे ठाऊक नव्हतं.

वाचणारं माणूस एकच होतं. चाचा निवृत्त झाले होते. दर शुक्रवारी नमाज झाल्यावर ते रिक्षानं आमच्या घरी यायचे, व्हरांड्यात बसायचे, चष्मा लावून वाचायचे आणि मी मराठीत उतरवून घ्यायचे. पहिली वही सरांच्या अगदी पहिल्या सहलीची. मी तेव्हा गावच्या शाळेत पाटी घेऊन जात असेन. चाचा वाचत गेले आणि मी लिहिता लिहिता थांबायला लागले. त्यात अशा जाती होत्या ज्या मी फक्त पुस्तकात पाहिल्या होत्या. गुलाबी थराचं वर्णन होतं, हातभर जाड कडा, लाट त्याच्यावर फुटते. पाय ठेवायला जागा नव्हती, जिवंत पोवळं तुडवलं जाईल म्हणून पाण्यातून पोहत गेलो, असं लिहिलं होतं. मला आधी वाटलं, तरुण वयात माणूस जरा वाढवून लिहितो. पण यादी वाढवून लिहिलेली नव्हती. प्रत्येक जातीपुढं जागा, खोली, रंग.

चौथी वही माझ्या पहिल्या सहलीची होती. चाचांनी ती उघडली, काही पानं वाचली, आणि एक पान न वाचताच उलटलं.

"काय लिहिलंय?"

"छोड बेटी. आगे का पढता हूँ."

"वाचा, चाचा."

त्यांनी वाचलं. "आज लडकी को पहली बार दिखाया. बहुत खुश हुई. जो मैंने देखा था, उसका आधा भी नहीं बचा. उससे कुछ नहीं कहा."

मी पेन खाली ठेवलं. बाहेर रस्त्यावर भाजीवाली ओरडत गेली. चाचांनी वही मिटली नाही, बोट त्या ओळीवर तसंच होतं.

"मेरे को मालूम था," ते म्हणाले. "साब नाव में मेरे को बोले थे, बच्ची को मत बताना."

"मग तुम्ही मला इतक्या वर्षांत का नाही सांगितलं?"

त्यांनी चष्मा काढला. "तू साब को क्यों नै बोली?"

मला खूप राग आला, आणि कुणावर यावा ते कळेना. लोक म्हणतात की अशा वेळी माणसाला बरं वाटतं, दोघांनीही एकमेकांच्या मायेपोटी लपवलं म्हणून. मला बरं वाटलं नाही. मी ज्याला भरलेलं समजून पाठ केलं, ज्याच्याशी तुलना करून कमी झालं, कमी झालं म्हणत राहिले, ते आधीच निम्म्यावर आलेलं होतं. माझ्या प्रबंधातलं पहिलं प्रकरण, ज्यात खडकाची निरोगी अवस्था वर्णन केली आहे, ते एका आजारी खडकाचं वर्णन आहे. आणि सरांच्या पहिल्या वहीआधी तिथं काय होतं, हे सांगणारं कुणी नाही.

त्यानंतर मी वर्गात खरं सांगायला लागले. गुलाबी थर काय करतो, हॅलिमेडा वाळू कशी करतं, लव कुणी खायची आणि खाणारे नसले तर काय होतं, हे सांगून झालं की आता तिथं काय आहे तेही सांगायचे. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग आपण हे शिकतो कशासाठी?" मी म्हटलं, "मला माहीत नाही, बाळा." असं उत्तर शिक्षकानं देऊ नये. पुढच्या वर्षी पेपरला तीन मुलं आली, त्याच्या पुढच्या वर्षी एकही नाही. चितेगावच्या कंपन्यांत जैवतंत्रज्ञानवाल्यांना नोकऱ्या होत्या, शेवाळवाल्यांना कुठं असणार. माझ्या बोलण्यानं पेपर बंद पडला की आपणच पडला, हे मी ठरवू शकत नाही.

संग्रहाच्या कपाटांची खोली नव्या उपकरणांना लागली. कपाटं जिन्याखाली गेली. दोन पावसाळ्यांत तिथल्या भिंतीला ओल आली. मी अर्ज केले, दोन-तीन ठिकाणी पत्रं पाठवली, नमुने घेऊन जा म्हणून. एका ठिकाणाहून उत्तर आलं की जागा नाही. सुट्टीनंतर कपाट उघडलं तेव्हा कागद एकमेकांना चिकटले होते आणि वर बुरशी आली होती. चाचांनी उतरवलेल्या त्या लाल जाती, एकेक केस सुटा दिसायचा, त्यांचे काळे डाग झाले होते. हे मी चाचांना सांगितलं नाही.

पाचवी वही संपली तेव्हा चाचांना अर्धांगाचा झटका आला. नंतर ते फार दिवस राहिले नाहीत. मी भेटायला जायचे तेव्हा त्यांची सून त्यांना बसतं करायची. बोलता येत नव्हतं. उजव्या हाताची बोटं चादरीवर सारखी काहीतरी सुटं करत असायची.

मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे, आमच्या गल्लीत मात्र अजून दोन्ही नावं चालतात. गेल्या काही वर्षांत पाणी पुन्हा तापल्याच्या बातम्या आल्या. होडीवाल्याचा नंबर मुलीनं मोबाइलमध्ये घालून दिला होता, मी तो लावला नाही.

दोन वह्या वाचायच्या राहिल्या आहेत. सहावी आणि सातवी. ओळखीतले दोघंतिघं वाचून देतो म्हणाले, मीच नको म्हटलं. मध्यंतरी मी स्वतः उर्दू शिकायला बसले होते. दुकानातून पोरांची अंकलिपी आणली, अलिफ, बे, पे गिरवलं. महिनाभरानं दोन अक्षरं जोडता यायला लागली आणि सातव्या वहीच्या पहिल्या पानावरचा एक शब्द मला लागला. "कम." त्यानंतर मी ती अंकलिपी शेजारच्या मुलीला देऊन टाकली.